घाण आली कुठनं?

कुठलीही गाडी आली, की तो आधी तिच्या तेलाचा वास घ्यायचा. बॉनेट उघडणं, इंजिन ऐकणं वगैरे नंतर. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचा, बाटली उन्हाकडे धरायचा, मग नाकाशी न्यायचा. तेवढ्यात त्याचं तोंड असं काही वाकडं व्हायचं, की बघणाऱ्याला वाटावं आपल्याच हातून काही घाण झाली. मग डावीकडे वळून पचकन थुंकायचा आणि गाडीवाल्याला विचारायचा, "घाण आली कुठनं?"

आता गाडीवाल्याला काय डोंबल माहीत घाण कुठून आली ते! तो बिचारा पंपावर जातो, तेल भरतो, निघतो. पण ह्याला उत्तर हवंच असायचं. नुसती घाण काढून टाकली की काम झालं, असं तो मानत नसे. ती आली कुठून हे कळेपर्यंत गाडी सोडायचा नाही, आणि गाडीवाल्यालाही सोडायचा नाही.

लातूरला औसा रोडला त्याचं गॅरेज होतं आणि त्याला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान. मधे एक पत्रा. असा शेजारी वैऱ्यालाही लाभू नये. बाकीचे मिस्त्री गाडी आली की चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवायचे, हा बदला, तो बदला. मी खूश, मिस्त्री खूश, आणि गाडीवाला निदान काहीतरी नवं बसवलं म्हणून खूश. हा मात्र माझ्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक दंडाला धरून परत न्यायचा. म्हणायचा, "शेठ, काय मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाताय? आधी टाकी उघडू द्या." माझ्याच काउंटरसमोर, माझ्याच गिऱ्हाइकादेखत. मला इतकी किळस यायची त्या माणसाची, की मी पत्र्याला असलेली भोकं सिमेंटने बुजवून घेतली होती.

त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. नाव होतं, पण ते मी इथे लिहीत नाही, त्याला आवडलं नसतं. उंच, हाडकुळा, कपाळावर कायमची आठी. चहाचा ग्लास आला की तोसुद्धा आधी नाकाशी. गॅरेजात कोणी गुटखा खाऊन आलं तर त्याला बाहेर उभं करायचा, आणि स्वतः मात्र दिवसभर थुंकायचा. मी हे त्याला एकदा सुनावलं. तर म्हणाला, "त्यो तोंडातली घाण थुकतो. मी नाकातली थुकतो."

त्या काळात लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. ज्या गल्लीत काल भुसाराचं दुकान होतं तिथे आज पाटी लागायची, आणि परवा त्या पाटीवर हसऱ्या पोरांचे चेहरे. नांदेडहून, हदगावहून, पार धर्माबादहून पोरं यायची आणि एकेका खोलीत चौघं-चौघं कोंबलेली राहायची. मेसमध्ये पाण्यासारखी आमटी, आणि रस्त्यावर त्याच आमटीची उष्टी भांडी. चौकातला क्लासचा फलक बघून उस्ताद म्हणायचा, "जेवढी तोंडं हितं लावलीत, तेवढीच पास झाली का? बाकीची कुठं पुरली?" आणि थू. मला ते ऐकवत नसे, पण खरं सांगायचं तर तो फलक मलाही बघवायचा नाही.

क्लासवाल्यांकडे बरकत आली तशा गाड्या बदलल्या. टर्बोच्या, डायरेक्ट इंजेक्शनच्या, पोटात कॉम्प्युटर असलेल्या. त्या गाड्यांत तेल दोन टप्प्यांनी वर जातं. टाकीतला छोटा पंप ते हलक्या दाबाने पुढे ढकलतो, मग इंजिनाजवळचा मोठा पंप त्याच तेलाला जबरदस्त दाब देऊन इंजेक्टरकडे पाठवतो. टर्बो हवा कोंबतो, तेवढ्याच जोरात तेल मिळालं नाही तर कॉम्प्युटर घाबरतो, दिवा लावतो आणि गाडीचा जोर काढून घेतो. मग लोक मशीन लावतात. मशीन म्हणतं, दाब कमी. आणि मिस्त्री म्हणतो, मोठा पंप गेला. मोठा पंप म्हणजे आमच्या धंद्यात दिवाळी.

उस्तादला मशीनची चीड नव्हती, त्याच्याकडेही एक होतं. चीड होती ती मशीनवर भरवसा टाकून हात धुऊन मोकळं होणाऱ्यांची. तो म्हणायचा, "मशीन म्हणतंय दाब कमी. बराबर हाय. पण का कमी, ते त्याला कुठं ठावं? ते काय टाकीत उतरलंय का?"

त्याची आणखी एक तऱ्हा होती. सगळ्या गॅरेजांत हात पुसायला जुन्या कपड्यांच्या चिंध्या वापरतात. बाजारात गठ्ठेच मिळतात. हा मात्र कोरं मांजरपाट आणायचा, धुऊन, फाडून, घडी घालून ठेवायचा. काळ्या ग्रीसला पांढरंशुभ्र कापड. मी हसायचो, नवरदेव आहेस का म्हणायचो. एकदा माझ्या दुकानात जुन्या कपड्यांचा गठ्ठा येऊन पडला, त्यातून एक फाटका झंपर बाहेर लोंबत होता. हा दारात आला, तो झंपर बघितला आणि तसाच मागे फिरून गटारीच्या कडेला जाऊन ओकला. खरोखरच ओकला.

मग त्याने सांगितलं, पुसणी तोंडावरून फिरवत, माझ्याकडे न बघता. भूकंपानंतर म्हणे ट्रकच्या ट्रक कपडे आले होते. रस्त्याच्या कडेला ओतून निघून जायचे. वरून पाऊस. फाटकी, डागाळलेली, बटणं तुटलेली, बायकांचे आतले कपडेसुद्धा. ज्यांनी काल घरातली माणसं सरणावर ठेवली ते आज त्या ढिगात हात घालून बघायचे. "लोकांनी आपल्या घरातली घाण आमच्या दारात आणून टाकली, शेठ. आन वर फोटू काढले."

आमच्या दारात, म्हणाला. म्हणजे हा तिकडचा, हे मला तेव्हा कळलं. नाहीतर कोणी गाव विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "मला गाव न्हाई." गिऱ्हाइकाला वाटायचं, खवचट आहे. त्या पहाटे तो लातुरात ट्रकच्या गॅरेजवर झोपायला होता म्हणून वाचला, घरातलं कोणी राहिलं नाही, असं मला पुढे दुसऱ्याकडून समजलं. तिथलं सगळं आवरून लातूरला परतला, त्यानंतर तो गावाकडे फिरकला नव्हता. नवं गाव वसलं, पत्र्याच्या शेडातून लोक पक्क्या घरांत गेले, दरवर्षी पुढारी हार घेऊन यायचे. हा त्या दिवशी गॅरेजचं शटर खाली ओढून आत काम करत बसायचा.

आता ती गाडी.

आमच्या रोडला एका सरांचे क्लासेस होते. एका खोलीत फळा टांगून सुरुवात केलेली, पुढे तीन मजले आणि नांदेडला शाखा. सरही भूकंपातल्याच एका गावचे. ते तेव्हा वसतिगृहात शिकायला होते, आई तेवढी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. ती माय आता त्यांच्या बंगल्यात राहायची. नऊवारी, हातात काठी, कोणाशी फार बोलणं नाही. दर अवसेला मात्र गाडीत बसून जुन्या गावाच्या जागी जाऊन यायची. तिथे आता दगड आणि बाभळी, दुसरं काही नाही. सरांना ते आवडायचं नाही. भाषणात ते वैज्ञानिक दृष्टिकोनावर बोलायचे आणि आईच्या कपाळावरचा अंगारा बघून स्टाफसमोर थट्टा करायचे. मी स्वतः ऐकली आहे. शिकलेल्या माणसाने चारचौघांत आईची टर उडवावी, ह्यापरती ओंगळ गोष्ट मी पाहिली नाही.

त्यांचा ड्रायव्हर हदगावकडचा. बायको वारलेली, एक मुलगी. मुलगी हुशार, म्हणून सरांनी तिला क्लासमध्ये फुकट बसवून घेतलं होतं. बापलेक क्लासच्या मागच्या एका खोलीत राहायची. त्या माणसाचा सगळा जीव त्या मुलीच्या बाकावर होता. येता-जाता मला सांगायचा, "शेठ, लेकरू डॉक्टरकीचा अभ्यास करून राहिलं." मी हो हो म्हणायचो.

सरांची नवी गाडी लातूर-नांदेड रस्त्यावर दगा द्यायला लागली. सपाटीला ठीक. लोह्याच्या अलीकडे चढ लागला, ट्रकला ओलांडायला जोर दिला, की दिवा लागायचा आणि गाडी मेल्यासारखी व्हायची. एकदा तर दोन शिक्षक बसलेले, समोरून बस, आणि गाडी पुढे जाईना. थोडक्यात निभावलं. गंमत म्हणजे कडेला थांबवून जरा वेळाने चालू केली की पुन्हा चांगली. मोठ्या वर्कशॉपने मशीन लावून मोठा पंप आणि सगळे इंजेक्टर बदलायला सांगितले. पंपाची ऑर्डर माझ्याकडे आली आणि मी तो मागवलासुद्धा. पण सर हिशेबी माणूस. एकदा उस्तादला दाखवू म्हणाले आणि गाडी पत्र्याच्या पलीकडे गेली.

ड्रायव्हरनेच बाटली धरली, ड्रायव्हरनेच ती उस्तादच्या हातात दिली. उस्तादने वास घेतला. पुन्हा घेतला. आणि ड्रायव्हरच्या पायाशी थुंकला.

"रॉकेल," तो म्हणाला. "तेल काढून इकायचं आन वरून रॉकेल वतायचं. ड्रायव्हर जातीचा धंदाच त्यो. तोंडानं नळी वढतानी वकारी कशी येत न्हाई रे तुला?"

ड्रायव्हर म्हणाला, "म्या तेलात रॉकेल नाही टाकलं, सर. लेकराची आण." पण बोलताना मधेच अडखळला. ते अडखळणं सरांनी बघितलं, मीही बघितलं. सरांचा आवाज चढला नाही. शिकवताना असतो तसाच होता. रविवारी गाडी न्यायला येईन म्हणाले, तेव्हा तुझा हिशेब करू. आणि मग म्हणाले, "चोराच्या मुलीला माझ्या वर्गात बाक नाही." परीक्षा तोंडावर आलेली. तो माणूस तिथेच, ग्रीसच्या डागावर, हात जोडून उभा राहिला. सर निघून गेले तरी हात तसेच.

मी दुकानात येऊन बसलो. खरं म्हणजे मला बरंच वाटायला हवं होतं, उस्तादने पहिल्यांदाच पंप बदलायला हरकत घेतली नव्हती. पण जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर उस्ताद बाटली घेऊन बसलेला. कालचंच तेल. उन्हात धरतोय, वास घेतोय, खाली ठेवतोय. मी विचारलं काय झालं, तर खेकसला. तेवढ्यात ड्रायव्हरची मुलगी बापाचा डबा घेऊन आली. ड्रायव्हर गाडीपाशीच बसून होता, घरी गेलाच नव्हता. मुलीने डबा ठेवला आणि उस्तादच्या नाकपुड्या हलल्या. तो उठून डब्याजवळ गेला.

"सैपाक कशावर करता गं?"

"स्टोव्हवर," मुलगी म्हणाली. "गॅस नाही आम्हाला."

रॉकेल तिच्या हाताला होतं, डब्याला होतं, बापाच्या सदऱ्याला होतं. बाटली धरणाऱ्या बोटांना होतं. उस्तादचं नाक, ज्याच्या जोरावर हा माणूस इतकी वर्षं जगावर थुंकत आला, ते चक्क फसलं होतं. मी वाट बघत होतो, आता हा माफी मागतो की काय. कसली माफी! म्हणाला, "च्या घेतीस का पोरी?" आणि तिला स्वतःच्या स्टुलावर बसवून चहा मागवला. तो चहा आला तेव्हा त्याने वास घेतला नाही.

मग काम सुरू झालं. मोठ्या पंपाला हात लावण्याआधी छोटा दाब बघायचा, ही त्याची रीत. फिल्टरकडे येणाऱ्या नळीत त्याने दाबाचं घड्याळ जोडलं, लांब नळी लावून ते बाहेर काढलं आणि समोरच्या काचेवर, वायपरला मांजरपाटाने बांधलं. नळीचा एक तुकडा पारदर्शक, तेलात बुडबुडे आहेत का ते दिसायला. इंजेक्टरमधून किती तेल परत येतं ते बाटल्या लावून आधीच बघितलेलं, सगळे सारखे, सगळे ठीक. मग मला म्हणाला, चला. मी का? तर म्हणे, ड्रायव्हरनं आकडा वाचला तर सर इश्वास ठेवणार न्हाईत, तुमच्यावर ठेवतील, कारण पंप खपला तर फायदा तुमचा हाय.

म्हणजे माझ्याच पोटावर पाय द्यायला मीच साक्षीदार. गेलो.

औशाच्या दिशेने निघालो, गाडी उस्तादच्या हातात. सपाटीला काटा जागचा हलेना. बुडबुडा एक नाही. मग एका चढाला त्याने पाय दाबला. टर्बोची शिट्टी वाजली, गाडी उसळली, आणि काटा खाली यायला लागला. मी ओरडून आकडे सांगत होतो. काटा तळाला टेकला, दिवा लागला, जोर गेला. तो कडेला थांबला. इंजिन बंद केलं, दोन मिनिटं जाऊ दिली. पुन्हा चालू केलं तर काटा जागेवर, शहाण्यासारखा.

"मोठा पंप उपाशी हाय," तो म्हणाला. "खालूनच तेल येईना. टाकीत कायतरी हाय, वढलं की जाळीला चिकटतंय, थांबलं की सुटून खाली बसतंय. आता तुमीच सांगा शेठ, उपाशी माणसाचं पोट बदलून काय हुतंय?"

मी मनातल्या मनात त्या मागवलेल्या पंपाला श्रद्धांजली वाहिली.

गॅरेजात आल्यावर मागची सीट काढली, खालचं झाकण उघडलं आणि टाकीतला पंप जाळीसकट वर उचलला. ड्रायव्हर इतका वेळ उभा होता, तो मटकन खाली बसला. जाळी अख्खी लिंपलेली. काळपट चिखल नाही, गंज नाही. फिकट, पिठासारख्या मातीचा थर, तेलात भिजून लोण्यासारखा झालेला.

उस्तादने तोंड वाकडं केलं, मान डावीकडे वळवली. मी मागे सरकलो, माझ्या चपलेवर नको. तो बोटावर थोडी माती घेऊन अंगठ्याने चोळत होता. चोळता चोळता थांबला. नाकाशी नेली. आणि तो थुंकला नाही. तोंडात आलेली थुंकी त्याने गिळली, मी त्याचा गळा हलताना बघितला.

"पांढरीची हाय," तो म्हणाला. "माळवदावरची."

तुमच्यापैकी ज्यांनी ती गावं बघितली नाहीत त्यांना सांगतो. तिकडे घरं दगडाची, आणि छतावर ही पांढरी माती. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून नवा थर टाकायचा. बापाने टाकलेल्या थरावर लेकाचा थर. त्या पहाटे ते सगळे थर झोपलेल्या माणसांवर आले. उस्तादने आपली माणसं त्याच मातीतून उकरून काढली होती, आपल्या हाताने. त्याला ती माती ओळखायला उन्हाची किंवा बाटलीची गरज नव्हती.

ड्रायव्हरकडे वळून त्याने विचारायला तोंड उघडलं. "घाण..." एवढंच बोलला आणि थांबला. मग म्हणाला, "ही आली कुठनं?"

ड्रायव्हर रडत होता. म्हणाला, "मायनं टाकली. दर अवसेला गावच्या जागेवरून पदरात बांधून आणते. म्हणते, कपाळाला लावली तर धुऊन जाते, पोटात गेली का राहते. तिचं सगळं घर त्या मातीत हाय, ते आतून गाडी राखते म्हणते. म्या झाकण उघडून देतो. चिमूटभर तर असते, उस्ताद. सरला सांगायचं नाही म्हून माझ्याकून वचन घेतलं, सर हसते म्हून."

चिमूटभर, दर अवसेला, गाडी घेतल्यापासून. आणि चोर म्हणून घेतलं, पोरीचा बाक गेला, तरी ह्याने म्हातारीचं नाव काढलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला माहीतही नव्हतं की त्या चिमटीनेच गाडी बंद पडते. मी म्हटलं, झालं तर मग, आत्ता सरांना फोन लावू. उस्तादने माझ्याकडे असं बघितलं की मी फोन खिशात ठेवला.

त्याने जाळी धुतली. एरवी धुतलेलं घाण तेल तो शिव्या देत गटारीत फेकायचा. त्या दिवशी त्याने ते सगळं बाटलीत धरलं. टाकी पुसली, ते कोरं कापडही बाटलीत पिळलं. बाटली फळीवर ठेवली आणि मला म्हणाला, "हलवू नका." रविवारपर्यंत वर तेल नितळ झालं आणि खाली बोटभर पांढरी माती बसली.

रविवारी सर आले. हातात फोन, प्रवेशाचे दिवस, घाई. गाडी चढावर फिरवून बघितली, चोख. खाली उतरून त्यांनी विचारलं, "मग? निघाली का घाण?"

"घाण न्हवती, सर," उस्ताद म्हणाला. "जाळीवर साका हुता. ड्रायव्हरनं काय केलं न्हाई. रॉकेल माझ्या नाकात हुतं. मी चुकलो."

मी चुकलो! त्या माणसाच्या तोंडून हे शब्द ऐकायला मी पत्र्याची भोकं पुन्हा पाडून घेतली असती. पण सर हुशार. एवढ्यावर सुटू देणारे नव्हते. म्हणाले, "साका आपोआप येत नाही. तुम्हीच नेहमी विचारता ना, आली कुठून?"

ड्रायव्हर भिंतीला टेकलेला. आयुष्यभर ज्या प्रश्नाने ह्याने लोकांना भंडावून सोडलं, तोच आता त्याच्यापुढे उभा होता. फळीवर बाटली सरांच्या डोळ्यांसमोर होती. त्यांनी ती बघितली आणि ओळखली नाही. ढिगारे उपसायला ते नव्हतेच.

"ते ईचारू नका," उस्ताद म्हणाला. "परत येणार न्हाई. जिम्मेदारी माझी. आन पोरीचा बाक काढला तर ही गाडी परत माझ्या दारात आणू नका, तुमचं तोंड बघून मला मळमळंल."

सर लाल झाले. मग फोन वाजला आणि त्यांना जायचं होतं. जाताना ड्रायव्हरला म्हणाले, चल, बस. एवढंच. पण मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात गेली, तिच्याच बाकावर बसली.

आता परत येणार नाही असं सांगून बसला, म्हणजे म्हातारीला सांगणं आलं. उस्ताद बंगल्यावर गेला. मी नव्हतो, ड्रायव्हरने सांगितलं ते हे. मायने त्याचं ऐकून घेतलं. ती माती टाकीत टाकली की गाडी मधेच थांबते, माणसं आत असतात, असं त्याने सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "तू कुठला रं?" आणि त्याने, मला-गाव-न्हाईवाल्याने, गाव सांगितलं. दोन्ही गावांची शिवारं लागून. मायने त्याच्या घराण्याचं नाव घेतलं, त्याच्या आईचं माहेर सांगितलं. म्हणाली, आता टाकणार नाही. पण जिथली माती तिथं नेऊन ठेवायला पाहिजे, आणि मी एकटी नेणार नाही. तूही चल.

ह्याला पुष्कळ वर्षं झाली. उस्ताद गेला. छातीचा आजार होता, डॉक्टरकडे जायचा नाही, दवाखान्याच्या वासाने म्हणे जीव घाबरतो. गॅरेजच्या जागी पाच मजली हॉस्टेल उभं आहे, खाली सांडपाणी, वर फलकावर हसरी पोरं. ड्रायव्हरची मुलगी माणसांची डॉक्टर झाली नाही, थोडक्यात हुकलं. जनावरांची झाली, हदगावकडेच आहे. तिचं तोंड कुठल्या फलकावर लागलं नाही. आजकाल माझ्या दुकानात पोरं फोनवर फोटो दाखवून पार्ट मागतात, दाब का कमी झाला हे कोणी विचारत नाही, आणि मी मुकाट्याने पंप काढून देतो. स्वतःचीच शिसारी येते कधीकधी.

पण मला तो आठवतो तो त्या अवसेच्या सकाळचा. गाडी गॅरेजसमोर उभी, मागे माय बसलेली, पुढे ड्रायव्हर. उस्तादने अंघोळ केलेली, धुतलेला सदरा घातलेला. शटर खाली ओढलेलं, कामाच्या दिवशी. बाटली त्याने कोऱ्या मांजरपाटात गुंडाळली होती आणि दोन्ही हातांनी धरली होती, हलू नये म्हणून. दार उघडायला हात मोकळा नव्हता, ते मी उघडलं. तो बसला. बाटली मांडीवर नीट ठेवली, तिच्यावर एक हात ठेवला आणि काच खाली करून माझ्याकडे बघितलं.

"शेठ," तो म्हणाला, "कुणी गिऱ्हाईक आलं तर सांगा, गावाला गेलाय."